नाताळच्या सुट्टीतील मेणबत्ती

आपल्याकडे दिवा म्हटला की तेल, वात आणि पणती ही तीन नावे ओळीने येतात. उज्जैनच्या रहिवाशांस तर हे निराळे सांगावयास नको. नवरात्रात हरसिद्धीच्या देवळासमोरील दोन उंच दीपमाळा उजळतात, तेव्हा तेल-वातीचे सामर्थ्य डोळ्यांनीच दिसते. मेणबत्ती हाही वस्तुतः तेलाचाच दिवा. मात्र तिचे तेल गोठलेले असते आणि तिला पणती लागत नाही. ती आपली पणती आपणच घडविते. हे कसे, ते कळावयाचे असेल तर एक मेणबत्ती घरी करून पाहावी. बाजारातील मेणबत्तीहून ती स्वस्त पडेल अशा समजुतीने मात्र कोणी या उद्योगास लागू नये. मेण माखलेले पातेले घासण्याची मजुरी धरली तर व्यवहार तोट्याचाच आहे.

माधवनगरातील आमच्या घरी आम्ही हा उद्योग नाताळच्या सुट्टीत, नऊ वर्षांच्या पुतण्यास हाताशी घेऊन केला. माळव्यातील थंडीचे दिवस या कामास फार सोयीचे. मेण लवकर गोठते, आणि मुलांचे धैर्य मेणाच्या आधी संपत नाही.

प्रथम वात. मुलाच्या हाती निर्धास्तपणे द्यावे असे हेच काम आहे. जाड सुती दोऱ्याचे तीन पदर घेऊन घट्ट, चपटी वेणी घालावी. पेलाभर कोमट पाण्यात एक चमचा मीठ व दोन चमचे टाकणखार विरघळवून (पापडखार नव्हे) तीत ही वेणी रात्रभर भिजवावी व पुढे दोन दिवस वाळवावी. टाकणखार पोटात जाता कामा नये, म्हणून नंतर हात धुवावेत. वेणीचे कारण मोठे मनोरंजक आहे. पूर्वी वात नुसती पिळलेली असे. ती ज्योतीच्या मध्यभागी ताठ उभी राही, तिथे हवा पोहोचत नसल्याने पुरती जळत नसे, आणि काजळी धरलेले टोक वारंवार कातरीने छाटावे लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरे याने विणलेली वात प्रचारात आणली. विणलेली वात जळताना एका अंगास वाकते. तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या तप्त कडेशी येऊन आपोआप राख होते. मुलींच्या वेणीइतक्या साध्या युक्तीने घरोघरची कातर सुटली.

मेण पूर्वी मधमाशांचे असे. संस्कृतात त्यास मधूच्छिष्ट म्हणत, आणि चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाचा नमुना करून धातूच्या मूर्ती ओतण्याची रीत सांगितलेली आहे. आज सामान्यतः मिळते ते पॅराफिन मेण; ते खनिज तेलापासून निघते. आसामातील दिग्बोई येथे १९०१ साली तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला, तेथेही ते तयार होत आले आहे. हे मेण साधारण ५० ते ६५ अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळते.

आता धोक्याची गोष्ट, आणि येथे आम्ही कोणतीही सवलत देणार नाही. मेणाचे भांडे प्रत्यक्ष आचेवर ठेवू नये. फार तापलेल्या मेणाची वाफ पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतले तर ते उसळून आग चहूकडे उडते. अशा वेळी आच बंद करून झाकण घालणे हाच उपाय. म्हणून पाण्याच्या पातेल्यात मेणाचा उभट डबा ठेवावा. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच असल्याने येथे पाणी शंभर अंशांच्या किंचित खालीच उकळते. पातेल्यात पाणी आहे तोवर मेण त्यापलीकडे तापत नाही. शेगडी वडील माणसाने सांभाळावी, आणि डबा खाली उतरल्यावरच मुलाने जवळ यावे.

वात काडीला बांधून मेणात बुडवावी व लगेच वर काढावी. पहिल्या खेपेस ती हाताने सरळ ताणावी. थर गोठला की पुन्हा बुडवावी. आत रेंगाळल्यास आधीचा थर वितळून जातो; थर गोठण्यापूर्वी घाई केली तरी वाढ होत नाही. वीस-पंचवीस खेपांनी बोटाएवढी जाडी येते.

दुसऱ्या दिवशी ती लावून पाहावी. ज्योतीभोवतीची तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी बाजूंनी थंड हवा येते व मेणाची कड थंड राखते. मधले मेण तेवढे वितळते. ही झाली पणती. वात ते पातळ मेण वर ओढते, त्याची वाफ होते, आणि जळते ती वाफ. पडताळा सोपा आहे: ज्योत फुंकून लगेच वर जाणाऱ्या पांढऱ्या धुरास पेटती काडी लावावी, ज्योत धुरातून उडी घेऊन वातीवर येते.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मायकेल फॅरडे यांनी मुलांपुढे केवळ मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत शिकलेला. मुलांस काय दाखवावे हे त्यास नेमके ठाऊक होते. जळलेले मेण जाते कोठे, हा आमच्या पुतण्याचा प्रश्न त्या व्याख्यानांतही आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात मिळते. थंड, कोरडी पळी ज्योतीच्या जरा वर धरावी. तिच्यावर दव धरते. ते मेणातून झालेले पाणी. कोरडी बरणी ज्योतीवर उपडी धरावी, ज्योत मंदावताच उचलून झाकावी, आणि चुन्याची निवळी घालून हलवावी. निवळी दुधाळ होते, ती कार्बन डायऑक्साइड वायूमुळे. निवळीस पानदानातील चुना चालतो. तो पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवावा व वरचे स्वच्छ पाणी तेवढे हलक्या हाताने ओतून घ्यावे.