यव आणि माल्ट : एकच धान्य, दोन कसोट्या

प्रमेहाच्या पथ्यात यवाचे स्थान अग्रगण्य आहे. चरकसंहितेच्या शूकधान्यवर्गात त्याचे रूक्ष, शीत, कफघ्न व स्थैर्यकर असे वर्णन येते. संधानकल्पनेत सतुष यवापासून तुषोदक आणि निस्तुष यवापासून सौवीर सिद्ध करतात. म्हणजे आहारद्रव्य आणि संधानद्रव्य असे यवाचे दोन्ही उपयोग आचार्यांना ज्ञात होते. आधुनिक काळात मात्र यवाच्या संशोधनाला मोठी चालना मिळाली ती बिअरच्या उद्योगामुळे. या संशोधनाचा चिकित्सकाला काय उपयोग, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संशोधनाची वाटचाल

१८३३ साली पायेन व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून ‘डायास्टेज’ वेगळे केले. एन्झाइमांच्या अभ्यासाचा तो प्रारंभ मानला जातो. कोपनहेगन येथे १८७५ साली कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा स्थापन झाली. धान्यातील प्रथिने मोजण्यासाठी योहान केल्डाल यांनी १८८३ साली तेथेच नायट्रोजनमापनाची पद्धत शोधली. आम्लता दर्शविणारी ‘पीएच’ ही मोजपट्टीदेखील १९०९ साली सोरेन्सन यांनी याच प्रयोगशाळेत मांडली. आपल्या औषधींच्या प्रमाणीकरणात आज ही दोन्ही परीक्षणे नित्य वापरली जातात.

माल्ट कसे होते?

यव भिजवून त्यातील आर्द्रता सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत नेतात आणि चार-पाच दिवस मोड येऊ देतात. अंकुरातून स्रवणारे जिबरेलिन हे संप्रेरक दाण्याच्या बाह्य थराला चेतविते व तेथे अल्फा-अमायलेज तयार होते. बीटा-अमायलेज दाण्यात आधीपासूनच असते. पेशीभित्तीतील बीटा-ग्लुकॅन या तंतूचेही या काळात विघटन होते. योग्य वेळी उष्ण हवेने दाणा सुकवून अंकुरण थांबविले जाते. पुढे हे माल्ट गरम पाण्यात कालविले की, हीच एन्झाइमे पिष्टाचे माल्टोज आदी शर्करांत रूपांतर करतात.

उद्योगाची कसोटी

माल्टसाठी बहुतेक सर्व दाणे एकाच वेळी अंकुरणारे हवेत. प्रथिने साधारण ९ ते ११.५ टक्के असावीत. ती वाढली तर पिष्ट घटते व पेय गढूळ होते. फार कमी झाली तर किण्वाला पोषण अपुरे पडते. बीटा-ग्लुकॅन अल्प असावे, अन्यथा द्रव चिकट होऊन गाळणे कठीण जाते.

चिकित्सकाची कसोटी

येथेच दोन वाटा वेगळ्या होतात. उद्योगाला नकोसे असलेले बीटा-ग्लुकॅन प्रमेही रुग्णाला उपकारक आहे. आतड्यात ते चिकट होते व शर्करेचे शोषण मंदावते. हृदयरोगाचा धोका कमी करण्याच्या संदर्भात, यवातील विद्राव्य तंतूंविषयीचे विधान खाद्यपदार्थांवर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली अंतिम मान्यता दिली. त्यासाठी दररोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकॅन हे प्रमाण सांगितले आहे.

माल्टमध्ये मात्र हा तंतू बराच नष्ट झालेला असतो, आणि माल्टच्या अर्कात शर्करा मुबलक असते. ‘जव खा’ एवढेच सांगितले, तर रुग्ण जव समजून माल्टयुक्त गोड पेयाचा डबा घरी आणू शकतो. असे पेय यवाचा पर्याय नव्हे. प्रमेहात ते अपथ्यच ठरेल.

व्यवहारातील सूचना

१. पथ्यपत्रकावर ‘अंकुरित न केलेले जव’ असे स्पष्ट लिहावे.

२. ‘सातू’ हा शब्द जपून वापरावा. महाराष्ट्रात सातूचे पीठ बहुधा गहू व डाळ्यांचे असते. त्यात जव असेलच असे नाही.

३. पॉलिश केलेल्या जवात बीटा-ग्लुकॅन टिकते, परंतु कोंड्यातील इतर तंतू व खनिजे कमी होतात. म्हणून केवळ टरफल काढलेले अखंड जव श्रेयस्कर.

४. सीलिअॅक विकारात जव व माल्ट दोन्ही वर्ज्य करावेत.

५. मधुमेहाची आधुनिक औषधे चालू असल्यास आहारबदलानंतर रक्तशर्करा तपासावी.

द्रव्य तेच असले, तरी संस्काराने त्याचे गुण पालटतात, हा आपल्या शास्त्राचा सिद्धान्त आहे. माल्टवरील संशोधन त्याचे एक सुस्पष्ट उदाहरण होय. म्हणूनच पथ्य सांगताना द्रव्याच्या नावाबरोबर त्याचा संस्कारही सांगणे, हे वैद्याचे कर्तव्य ठरते.