अहवालरचनेची साधने : परवाना आणि स्थापना

डेटाबेसात साठविलेली माहिती जोपर्यंत कोष्टकांच्या ओळींत पडून असते, तोपर्यंत ती तिच्या रचनाकारालाच काय ती वाचता येते. ती कुलसचिवाच्या, लेखापालाच्या किंवा एखाद्या रुग्णालयाच्या अधीक्षकाच्या हाती द्यावयाची, तर तिला शीर्षक, पृष्ठक्रमांक, गटवार बेरजा आणि छापण्याजोगे रूप द्यावे लागते. प्रारंभी हे काम दर वेळी स्वतंत्र प्रोग्रॅम लिहून केले जाई. या श्रमातून सुटका व्हावी म्हणून आयबीएमने १४०१ या संगणकासाठी १९५९ च्या सुमारास आरपीजी ही प्रणाली पुढे आणली. तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘अहवालाचे प्रोग्रॅम निर्माण करणारी’ असा होता. क्रिस्टल रिपोर्ट्‌स, एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस, जॅस्पर रिपोर्ट्‌स ही पुढील काळातील साधने त्याच गरजेतून निघाली.

या साधनांची चर्चा बहुधा त्यांच्या सोयींच्या तुलनेपुरती होते. परवाना हा खरेदी विभागाचा विषय आणि स्थापना हा तंत्रज्ञाचा, असे मानून दोन्ही गोष्टी शेवटी ढकलल्या जातात. परिणामी एक ठरावीक प्रसंग वारंवार उद्भवतो : विकासकाच्या टेबलावर बिनचूक छापला जाणारा अहवाल प्रत्यक्ष कार्यालयात उघडतच नाही, किंवा उघडतो तेव्हा तो तेथे चालविण्याचा अधिकार संस्थेला नसल्याचे मागाहून कळते. दोन्ही प्रकारच्या अडचणींचे मूळ एकच असते. अहवालाचे साधन ही एक वस्तू नसून निरनिराळ्या वस्तूंचा समूह आहे, ही गोष्ट ध्यानात घेतलेली नसते. ज्यात अहवाल आखला जातो तो डिझायनर. आखलेला अहवाल अन्य संगणकावर चालविणारे इंजिन, ज्याला व्यवहारात रनटाइम म्हणतात. आणि अनेकांना एकाच ठिकाणाहून अहवाल पुरविणारा रिपोर्ट सर्व्हर. यांपैकी प्रत्येकाची अनुज्ञा पृथक् असते आणि प्रत्येकाची स्थापनाही पृथक् करावी लागते. एकाची अनुज्ञा दुसऱ्यास लागू आहे असे गृहीत धरले की गोंधळास प्रारंभ होतो.

क्रिस्टल रिपोर्ट्‌सच्या इतिहासात हा भेद फार स्पष्टपणे दिसतो. कॅनडातील व्हँकूव्हर येथील एका लहानशा कंपनीत जन्मलेले हे साधन १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर दिले जाऊ लागले, आणि तेव्हापासून कित्येक वर्षे विकासकाला ते जणू फुकटच लाभत होते. मालकी मात्र हस्तांतरित होत राहिली. १९९४ मध्ये ते सीगेटकडे, २००३ मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्‌सकडे आणि त्या कंपनीसह २००८ च्या आरंभी सॅप या जर्मन कंपनीकडे गेले. व्हिज्युअल स्टुडिओच्या २००८ च्या आवृत्तीपर्यंत ते पेटीतच मिळे. २०१० पासून ते पेटीतून निघाले आणि सॅपच्या संकेतस्थळावरून वेगळे उतरवून घ्यावे लागू लागले. येथे एक सूक्ष्म फरक लक्षात ठेवावयास हवा. व्हिज्युअल स्टुडिओत बसणारी आवृत्ती विनामूल्य आहे, आणि तिचे रनटाइम आपल्या सॉफ्टवेअरबरोबर वाटण्याची मुभाही काही अटींवर आहे. परंतु स्वतंत्रपणे चालणारा क्रिस्टल रिपोर्ट्‌सचा डिझायनर हे विकत घ्यावयाचे उत्पादन आहे. नावे जवळजवळ सारखी असल्यामुळे एकाची किल्ली दुसऱ्यास लावून पाहण्याचे प्रकार होतात.

स्थापनेच्या वेळी हाच भेद फायलींच्या रूपाने पुढे येतो. विकासकासाठीचा संच वेगळा आणि ग्राहकाच्या संगणकासाठीचा रनटाइम संच वेगळा. शिवाय रनटाइम ३२-बिटी व ६४-बिटी अशा दोन रूपांत येतो. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या आवृत्तीपर्यंत ३२-बिटी प्रोग्रॅम होता, २०२२ ची आवृत्ती ६४-बिटी झाली. त्यामुळे जुन्या आवृत्तीत अहवालाचे पूर्वदर्शन ३२-बिटी इंजिनाद्वारे होई, तर ‘एनी सीपीयू’ या पर्यायाने तयार केलेले सॉफ्टवेअर ६४-बिटी विंडोजवर सामान्यतः ६४-बिटी म्हणून चाले आणि त्याच जातीचे इंजिन शोधी. ते बसविलेले नसेल तर अहवाल उघडत नसे, आणि विकासक आपल्या प्रोग्रॅममधील दोष शोधत बसे.

ओडीबीसीच्या जोडण्यांतही असाच घोटाळा आहे, आणि तो अधिक फसवा आहे. ६४-बिटी विंडोजमध्ये या जोडण्या नोंदविणारी दोन व्यवस्थापन-साधने असतात. त्यांपैकी ६४-बिटी साधन ‘सिस्टिम३२’ नावाच्या फोल्डरमध्ये आणि ३२-बिटी साधन ‘सिस-वॉव-६४’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले आहे. नावे नेमकी उलटी वाटतात. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून केलेली ही तडजोड आहे. एकात नोंदविलेली सिस्टिम-जोडणी दुसऱ्या जातीच्या प्रोग्रॅमला दिसत नाही. मग पडद्यावर ‘डेटा सोर्स सापडला नाही’ असा संदेश येतो, आणि जोडणी तर समोर नोंदलेली दिसते. अनुभवी माणसेही येथे तासन्‌तास अडकतात.

क्रिस्टल रिपोर्ट्‌सविषयीची आणखी एक तक्रार परवान्याच्या खात्यावर चुकीने मांडली जाते. सर्व्हरवर काही दिवस सुरळीत चाललेली अहवालसेवा अकस्मात् बंद पडते आणि व्यवस्थापकाने ठरविलेली अहवाल-कामांची कमाल मर्यादा संपल्याचा संदेश येतो. संदेशाची भाषा अशी आहे की अधिक परवाने विकत घेतल्यावाचून गत्यंतर नाही असे कोणासही वाटावे. वस्तुतः ही मर्यादा मूळ मांडणीत ७५ असते, आणि ती गाठली जाण्याचे नेहमीचे कारण असे की प्रोग्रॅमने उघडलेले अहवाल काम संपल्यावर बंद केलेले नसतात. प्रत्येक अहवाल-वस्तू बंद करून मोकळी करण्याच्या दोन ओळी लिहिल्या म्हणजे बहुतेक वेळा खर्चाचा प्रश्नच उरत नाही. मर्यादेचा आकडा रजिस्ट्रीत वाढवून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने बंद पडण्याची वेळ तेवढी लांबते.

रिपोर्टिंग सर्व्हिसेसचे स्वरूप निराळे आहे. मायक्रोसॉफ्टने ही सेवा जानेवारी २००४ मध्ये एसक्यूएल सर्व्हर २००० ची पुरवणी म्हणून आणली. तिचे डिझायनर विनामूल्य मिळत आले आहेत. सामान्य वापरकर्त्यासाठी रिपोर्ट बिल्डर आणि विकासकासाठी व्हिज्युअल स्टुडिओतील विस्तार. मूल्य द्यावे लागते ते सर्व्हरचे, आणि ते एसक्यूएल सर्व्हरच्या परवान्यातच अंतर्भूत असते. तथापि या ‘अंतर्भूत’ शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. डेटाबेस आणि रिपोर्ट सर्व्हर एकाच यंत्रावर असतील तर एक परवाना पुरतो. भार हलका करण्यासाठी रिपोर्ट सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर नेला की त्या यंत्रासाठी स्वतंत्र परवाना आवश्यक होतो. तांत्रिक दृष्टीने योग्य असलेला सल्ला अशा रीतीने आर्थिक दृष्टीने महाग पडू शकतो. सल्ला देणाऱ्याला हे ठाऊक असणे त्याच्या विद्येचाच भाग मानावयास हवा.

येथील खरा सापळा मात्र डेव्हलपर आवृत्तीत आहे. २०१६ पासून ती विनामूल्य झाली. विकास, चाचणी व प्रात्यक्षिक यांपुरतीच तिची अनुज्ञा आहे, प्रत्यक्ष कामकाजासाठी नाही. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु तिच्यात सर्वांत महागड्या एंटरप्राइझ आवृत्तीच्या सर्व सोयी खुल्या असतात, याचे परिणाम पुरते ध्यानात येत नाहीत. समजा, एखाद्या विद्यापीठाला प्रत्येक संलग्न महाविद्यालयाकडे त्याचेच निकालपत्रक आपोआप ई-मेलने पाठवावयाचे आहे. महाविद्यालयांची यादी डेटाबेसातूनच घेऊन असे वितरण करण्याची सोय रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये आहे. तिला डेटा-ड्रिव्हन सबस्क्रिप्शन म्हणतात. विकासकाच्या यंत्रावर ती निर्वेधपणे चालते. संस्थेने मात्र स्टँडर्ड आवृत्ती घेतलेली असते, आणि तिच्यात ही सोय नाही. परीक्षा तोंडावर आली असता हे कळले तर उरतात ते दोनच मार्ग : कितीतरी अधिक मूल्याचा परवाना, किंवा घाईघाईने लिहिलेला पर्यायी प्रोग्रॅम. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसृत झालेल्या एसक्यूएल सर्व्हर २०२५ मध्ये स्टँडर्ड आवृत्तीच्याच सोयी असलेली वेगळी डेव्हलपर आवृत्ती देण्यात आली, यावरून ही अडचण किती व्यापक होती ते दिसते.

२०१७ पासून रिपोर्टिंग सर्व्हिसेसचा संच एसक्यूएल सर्व्हरच्या मुख्य संचातून वेगळा काढण्यात आला. तो बसविताना उत्पादन-किल्ली विचारली जाते, आणि त्यानंतर संरचना-साधनातून सेवेचे खाते, वेबपत्ता आणि रिपोर्ट सर्व्हरचे स्वतःचे दोन डेटाबेस ठरवावे लागतात. यांतील बहुतेक पायऱ्या सोप्या आहेत. एक मात्र हटकून गाळली जाते : सांकेतिक किल्लीची प्रत काढून सुरक्षित ठेवण्याची. अहवालांना डेटाबेसात प्रवेश देणारी नावे व संकेतशब्द या किल्लीने बंद करून ठेवलेले असतात. यंत्र बदलले आणि किल्लीची प्रत नसली, तर अहवाल शाबूत राहतात, पण त्यांच्या जोडण्यांचे तपशील पुन्हा एकेक करून भरावे लागतात.

मुक्त परवान्याच्या साधनांत असा त्रास नसावा अशी अपेक्षा असते. जॅस्पर रिपोर्ट्‌सचे उदाहरण ती अंशतःच खरी ठरविते. टिओडोर डांचू यांनी २००१ मध्ये आरंभिलेली ही जावा लायब्ररी एलजीपीएल या परवान्याखाली मिळते. त्याचा आशय असा की बंदिस्त सॉफ्टवेअरमध्येही ही लायब्ररी वापरता येते; मात्र परवान्याची प्रत सोबत द्यावी लागते, आणि लायब्ररीतच फेरफार करून ती वाटल्यास त्या फेरफारांचा मूळ मजकूर खुला करावा लागतो. किल्ली नाही, यंत्रांची मोजदाद नाही. परंतु ही लायब्ररी स्वतः अन्य लायब्रऱ्यांवर उभी आहे, आणि त्या प्रत्येकीचा परवाना वेगळा आहे. मराठी वाचकांच्या दृष्टीने यातूनच एक महत्त्वाचा प्रश्न निर्माण झाला.

पीडीएफ निर्माण करण्यासाठी जॅस्पर रिपोर्ट्‌स आयटेक्स्ट या लायब्ररीवर अवलंबून होते. आयटेक्स्टने डिसेंबर २००९ मध्ये पाचव्या आवृत्तीपासून आपला परवाना बदलून एजीपीएल स्वीकारला. या परवान्याखालील लायब्ररी वापरणाऱ्यास, नेटवर्कवरून सेवा घेणाऱ्यांनाही आपल्या संपूर्ण सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर उपलब्ध करून द्यावा लागतो, अन्यथा व्यापारी परवाना विकत घ्यावा लागतो. जॅस्पर रिपोर्ट्‌स त्यामुळे दीर्घकाळ आयटेक्स्टच्या २.१.७ या जुन्या आवृत्तीवरच राहिले. त्या आवृत्तीत देवनागरीची अक्षरजुळणी नव्हती. ऱ्हस्व इकार संगणकाच्या स्मृतीत व्यंजनानंतर साठविला जातो आणि छापताना त्याच्या आधी यावा लागतो. रफार पुढील अक्षराच्या माथ्यावर चढावा लागतो. जोडाक्षरांसाठी स्वतंत्र आकृत्या निवडाव्या लागतात. हे न झाल्यामुळे पडद्यावरील पूर्वदर्शनात शुद्ध दिसणारा ‘विद्यार्थी’ पीडीएफमध्ये पाय मोडलेल्या अक्षरांचा आणि जागा चुकलेल्या वेलांट्यांचा उतरे. गुणपत्रक, जमिनीचा उतारा किंवा वेतनपत्रक अशा रूपात कोणाच्या हाती देता येत नाही. दोष फॉन्टचा समजून फॉन्ट बदलून पाहणाऱ्यांची संख्या मोठी होती. मूळ परवान्यातील एका बदलापर्यंत जाते हे सहसा लक्षात येत नसे. आयटेक्स्टच्या नव्या पिढीत भारतीय लिप्यांची जुळणी आली, पण तीही वेगळे मूल्य देऊन घ्यावयाची जोड म्हणून. जॅस्पर रिपोर्ट्‌समध्ये पुढे जावाकडूनच अक्षरे जुळवून घेऊन ती पीडीएफमध्ये रेखाटण्याची सोय करण्यात आली. तीसाठी देवनागरी हा लिपिगट लायब्ररीच्या गुणधर्मांत नोंदवावा लागतो. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे कित्येक ठिकाणी अहवाल वर्डमध्ये काढून मग हाताने पीडीएफ करण्याचा द्राविडी प्राणायाम चालतो.

फॉन्टलाही परवाना असतो, याचाही येथे उल्लेख करावयास हवा. विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट त्या प्रणालीबरोबर वापरण्यासाठी दिलेला आहे. तो उचलून लिनक्स सर्व्हरवर ठेवणे ही स्थापना नव्हे, परवान्याचा भंग होय. उलटपक्षी लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट ओएफएल या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे सॉफ्टवेअरबरोबर देता येतात. जॅस्पर रिपोर्ट्‌समध्ये फॉन्ट एका जार फायलीत बांधून त्याला फॉन्ट-विस्ताराचे रूप देता येते, आणि तसे केल्यास डिझायनरमध्ये व सर्व्हरवर एकच फॉन्ट वापरला जातो. हे न केल्यास, जावाला फॉन्ट उपलब्ध नसल्याचा दोष सर्व्हरवर पहिल्याच अहवालाला दिसतो.

अहवाल बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेताना काय हस्तगत करावे, हा प्रश्न संस्थेच्या दृष्टीने साधनाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. क्रिस्टल रिपोर्ट्‌सची आरपीटी फाइल बंदिस्त द्विमान स्वरूपाची असते. ती वाचावयास त्याच घराण्याचे साधन लागते. रिपोर्टिंग सर्व्हिसेसची आरडीएल आणि जॅस्परची जेआरएक्सएमएल या दोन्ही एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या असल्यामुळे साध्या मजकुरासारख्या उघडून वाचता येतात. तथापि जॅस्परमध्ये चालविण्यापूर्वी जेआरएक्सएमएलचे संकलन करून वेगळी फाइल बनवितात, आणि कंत्राटदार पुष्कळदा तेवढीच सुपूर्द करतो. ती लायब्ररीच्या विशिष्ट आवृत्तीशी बांधलेली असते. लायब्ररी बदलली की ती उघडेलच याचा भरवसा नाही. २०२४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत तर जेआरएक्सएमएलची बांधणीच बदलली, आणि जुने अहवाल स्टुडिओतून रूपांतरित करून घ्यावे लागले. मूळ फायली हाती असतील तरच हे शक्य होते. रिपोर्टिंग सर्व्हिसेसच्या बाबतीत २०२२ ची आवृत्ती ही शेवटची ठरली असून एसक्यूएल सर्व्हर २०२५ पासून तिची जागा पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरने घेतली आहे. आरडीएल अहवाल त्यावर चढविता येतात. २०२२ च्या आवृत्तीला जानेवारी २०३३ पर्यंत आधार मिळणार असल्याने स्थलांतराला घाई नाही, परंतु नव्या सर्व्हरवर अहवाल नेताना सांकेतिक किल्लीची ती प्रत पुन्हा मागितली जाईल.