‘सर्वांत कमी विकसित देश’ कसा ठरतो?

ही वर्गवारी संयुक्त राष्ट्रांनी 1971मध्ये केली. पहिल्या यादीत 25 देश होते. 2024च्या अखेरीस 44. बांगलादेश 1975मध्ये यादीत आला, भारत कधीच नव्हता. आढावा दर तीन वर्षांनी.

तीन कसोट्या
• दरडोई उत्पन्न : 2024च्या आढाव्यात प्रवेशाची मर्यादा 1,088 डॉलर, बाहेर पडण्याची 1,306 डॉलर.
• मानवी क्षमता : बालमृत्यू, मातामृत्यू, खुंटलेली वाढ, शिक्षण.
• असुरक्षितता : मोजक्याच मालाची निर्यात, अस्थिर शेती, आपत्ती.

उत्पन्न एकटे का पुरत नाही? मुंबईतले परळ-लालबाग कापडगिरण्यांवर उभे होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पगार थांबला, तशी त्यावर चालणारी खानावळ आणि वाण्याची उधारीही अडचणीत आली. एकाच उद्योगावर विसंबण्याचा हा धोका पगाराच्या आकड्यात दिसत नव्हता, देशांचेही तसेच. मग श्रीमंत झालेल्या देशाला अडकवून ठेवायचे का? नाही. उत्पन्न बाहेर पडण्याच्या मर्यादेच्या किमान तिप्पट असेल, तर तेवढ्यावरही सुटका होते. इक्वेटोरियल गिनी 2017मध्ये अशीच बाहेर पडली.

नियम : प्रवेशाला तिन्ही कसोट्या आणि त्या देशाची संमती लागते, बाहेर पडायला सहसा सलग दोन आढाव्यांत कोणत्याही दोन पुरतात.