पराक्रमाची प्रतवारी

गेल्या दिवाळींत आम्ही सर्व भावंडें अणदुरास मूळ घरीं जमलों होतों. अणदूर हें तुळजापूर तालुक्यांतील खंडोबाचें गांव. देवाची मूर्ति वर्षांतील कांहीं काळ येथें व कांहीं काळ नळदुर्गालगतच्या मैलारपुरास असते. आमच्या वाड्यांत माणसें वीस आणि मतें एकवीस, असा जुना लौकिक आहे. त्यास अनुसरून भाऊबीजेच्या दुपारीं ओसरीवर वाद पेटला.

पुण्यास कॉलेजांत शिकणारा आमचा पुतण्या बास्केटबॉल खेळतो. त्याचें म्हणणें असें कीं, सांघिक खेळांत एकट्या माणसानें केलेला सर्वांत थोर पराक्रम म्हणजे विल्ट चेंबरलेन या अमेरिकन धंदेवाईक खेळाडूचे एका सामन्यांतील १०० गुण. तोंच काका झोपाळ्यावरून गरजले, "शंभरांचें काय कौतुक सांगतोस? आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांनीं ४४३ केल्या आहेत!" तीर्थरूपांनीं प्रो. देवधरांचें नांव घेतलें. आवाज चढले, चहा निवला आणि निवाडा करण्याचें काम आमच्या गळ्यांत पडलें.

प्रथम पुतण्याची बाजू पाहूं. २ मार्च १९६२ रोजीं पेनसिल्व्हेनियांतील हर्शी या गांवीं फिलाडेल्फिया वॉरियर्स व न्यूयॉर्क निक्स यांचा सामना झाला. सात फूट एक इंच उंचीच्या चेंबरलेननें चालू खेळांत ३६ वेळां चेंडू जाळींत टाकला. त्याचे ७२ गुण झाले. मोकळ्या फेंकींत तो एरव्हीं कच्चा समजला जाई. त्या रात्रीं मात्र ३२ पैकीं २८ फेंकी त्यानें साधल्या. आंकडा डोळे दिपविणारा आहे, यांत संशय नाहीं. तथापि शेवटीं शेवटीं सोबती आपला खेळ बाजूस ठेवून चेंडू त्याच्याच हातीं देत होते; इतकेंच नव्हे, तर चेंडू लवकर परत मिळावा म्हणून मुद्दाम नियमभंग करून प्रतिपक्षास मोकळ्या फेंकी देत होते. उलट त्याच काळांतील बॉस्टनच्या बिल रसेलची ख्याति गुणांच्या राशीमुळें झालेली नाहीं; परंतु तो खेळला त्या १३ हंगामांत त्याचा संघ ११ वेळां विजेता ठरला.

यावरून आम्हीं तीन कसोट्या ठरविल्या. पहिली, आंकडा केवढा? दुसरी, तो कोणाविरुद्ध व कोणत्या प्रसंगीं? तिसरी, त्या जागीं उभें राहण्यास त्या माणसाला काय ओलांडावें लागलें? या कसोट्या आपल्या घराघरांत मुरलेल्या क्रिकेटास लावून पाहण्याचें ठरलें. गावस्करांच्या १९७१ सालच्या ७७४ धांवा आणि तेंडुलकरांचीं १०० शतकें लहान मुलांनाहि पाठ आहेत. म्हणून तीं वगळून आम्ही जुन्या काळाकडे वळलों.

चौथा क्रमांक आम्हीं निंबाळकरांना दिला. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास महाराष्ट्र व काठेवाड यांचा रणजी सामना झाला. काठेवाडचा डाव २३८ धांवांत आटोपला. मग कोल्हापुरचे निंबाळकर व कमल भांडारकर यांनीं दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धांवांची भागी रचली. तिसऱ्या दिवशीं जेवणाच्या सुटीपर्यंत महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या, त्यांत निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमन यांचा ४५२ चा तत्कालीन जागतिक विक्रम मोडण्यास अवघ्या दहा धांवा हव्या होत्या. पण काठेवाडच्या कप्तानानें सामना सोडून दिला, आणि खेळ पुन्हा सुरू झालाच नाहीं! निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना कधींच लाभला नाहीं. त्यांच्याविषयीं आमचें मन हळहळतें. परंतु प्रतिपक्ष दुबळा होता आणि सामन्याचें पारडें कधींच झुकलें होतें. म्हणून चौथा क्रमांक. काकांनीं झोपाळा थांबविला.

तिसरे प्रो. दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थांनीं १९४० सालीं मुंबईच्या बलाढ्य संघाविरुद्ध २४६ धांवा काढल्या, तेव्हां त्यांचें वय ४८ वर्षांचें होतें! १९३९-४० व १९४०-४१ या दोन्ही हंगामांत त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला. पुढें पन्नाशी उलटल्यावर नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत त्यांनीं दोन शतकें केलीं. नियमित जीवनाचें असें उदाहरण विरळा. तीर्थरूपांस मात्र तिसरा क्रमांक रुचला नाहीं. "आपल्यांतला माणूस म्हणून मागें सारतां काय?" असें ते म्हणाले.

दुसरे विजय हजारे. सांगलीच्या या मराठी ख्रिस्ती खेळाडूचा पराक्रम डिसेंबर १९४३ मधील. त्या वेळीं मुंबईंत धर्मवार संघांचे पंचरंगी सामने होत असत. अंतिम सामन्यांत हिंदु संघानें ५ बाद ५८१ वर डाव सोडला. 'इतरें' म्हणून ओळखला जाणारा हजाऱ्यांचा संघ १३३ धांवांत गारद झाला आणि ४४८ धांवांच्या ओझ्याखालीं पुन्हा खेळावयास उतरला. त्या दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धांवा झाल्या. त्यांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! धाकटे बंधु विवेक यांनीं त्यांस साथ दिली आणि दोघांची भागी ३०० धांवांची झाली. तींत विवेक यांच्या धांवा अवघ्या २१. कोणी म्हणेल, एकवीस म्हणजे काय? परंतु त्या एकविसांवांचून ते ३०९ झाले नसते. संघ एक डाव व ६१ धांवांनीं हरला. मोठ्या जयांत मोठा आंकडा जमविण्यापेक्षां निश्चित पराभवांत एकट्यानें उभें राहणें अधिक कठीण, असें आम्हांस वाटतें.

मग पहिला कोण? आमच्या मतें बाळू पालवणकर.

नांव ऐकून ओसरीवरील अर्ध्या मंडळींनीं एकमेकांकडे पाहिलें. यांतच आपल्या स्मरणशक्तीचा दोष दिसून येतो. चर्मकार कुटुंबांत जन्मलेले बाळू पुण्याच्या युरोपियन क्लबांत महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखीत. तेथें साहेब लोकांना सरावासाठीं ते तासन् तास डावखुरी संथ गोलंदाजी करीत. बॅट मात्र त्यांच्या हातीं दिली जात नसे. पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांना हरवावयाचें होतें. तेव्हां बाळूंचा डावा हात सर्वांस हवासा झाला. मैदानांत चेंडू त्यांच्या हातांतून सर्वांनीं घेतला. परंतु चहाच्या सुटींत इतर खेळाडू आंत चिनीमातीच्या कपांतून चहा पीत असतां बाळूंना तो बाहेर, मातीच्या पात्रांत दिला जाई. जेवणाचें पानहि वेगळें.

१९०६ सालीं मुंबईंत हिंदु संघानें युरोपियनांस १०९ धांवांनीं हरविलें, त्या संघांत बाळू व त्यांचे बंधु शिवराम हे दोघेहि होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला. परकी हवा, अनोळखी खेळपट्ट्या, रोजचे सामने. संघ हरत होता, तरी बाळूंचा हात थांबला नाहीं. त्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ गडी बाद केले, तेहि दर गड्यास एकोणीसहून कमी धांवा देऊन. तरीहि हिंदु संघाचें कप्तानपद त्यांना कधींच मिळालें नाहीं. तें त्यांचे बंधु विठ्ठल यांना १९२३ सालीं मिळालें. आंकडा, प्रसंग व ओलांडलेला अडथळा या तीनहि कसोट्या येथें एकत्र येतात. इतर तिघांच्या वाटेंत प्रतिपक्षाचे अकरा गडी होते. बाळूंच्या वाटेंत स्वपक्षाचेहि दहा होते.

तीर्थरूप बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं ओसरीबाहेरच्या कोनाड्याकडे बोट दाखविलें. त्या कोनाड्यांत एक वेगळी कपबशी पालथी घातलेली असे, ती आम्हीं लहानपणीं पाहिली आहे. ती कोणासाठीं, हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. "ती मीच काढून टाकली," ते म्हणाले, "पण फार उशिरा. बाळूंना पहिला क्रमांक दे."

एवढ्यांत वहिनी फराळाचीं ताटें घेऊन आल्या व म्हणाल्या, "भावजी, तुमच्या यादींत एकहि बाई नाहीं, हें कोणाच्या ध्यानांत आलें काय?" आम्ही निरुत्तर झालों. वहिनींनींच उदाहरण दिलें तें आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे यांचें. लहानपणीं घरीं दिवसांतून एकदांच जेवण मिळे, असें सारिकाताईंनींच सांगितलेलें आहे. त्या खो-खो खेळत राहिल्या, २०१६ सालच्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कप्तान झाल्या, आणि २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तिसरी कसोटी येथेंहि पूर्ण उतरते. पुढील वर्षीं यादी वहिनींनीं करावी, असें सर्वानुमतें ठरलें.

आमच्या वाचकांनींहि आपापल्या घरीं अशी प्रतवारी करून पाहावी. मतभेद होतील, ते होऊं द्यावे. केवळ एक विनंति. आंकडे मुलांनीं सांगावे. पण त्या त्या काळीं आपल्या ओसरीवर काय घडत होतें, तें वडील मंडळींनीं सांगावें, आणि मगच क्रमांक लावावे.