चंचल व स्वमग्न बालके : शिक्षकांनी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

प्रत्येक प्राथमिक शिक्षकाच्या अनुभवास दोन प्रकारची मुले केव्हा ना केव्हा येतातच. एक मूल असे, की ते पाच मिनिटेही जागेवर स्वस्थ बसत नाही. प्रश्न पुरता होण्यापूर्वीच उत्तर देऊन मोकळे होते, पेन्सिल रोज हरविते आणि आरंभिलेले गणित अर्ध्यावर टाकून खिडकीबाहेर पाहू लागते. दुसरे मूल असे, की हाक मारली तरी ते वळून पाहत नाही. सवंगड्यांत मिसळत नाही, आपण विचारलेला प्रश्न जसाच्या तसा आपल्यालाच ऐकविते आणि मधल्या सुटीची घंटा नेहमीपेक्षा उशिरा झाली तर अनावर होऊन रडू लागते. पहिल्यास आपण व्रात्य म्हणतो. दुसऱ्यास मंद किंवा हट्टी. हे शब्द उच्चारावयास सोपे असतात. परंतु हजेरीपटातील नावाला ते एकदा चिकटले, म्हणजे त्या मुलाची पुढील इयत्तांतील वाटचाल त्यांच्याच आधारे ठरू लागते. म्हणून अशा मुलांविषयी गेल्या सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा सारांश शिक्षकांपुढे ठेवणे अगत्याचे आहे.

या दोन अवस्थांचे स्वरूप

पहिल्या प्रकारच्या वर्तनामागे जी अवस्था असू शकते तीस अवधानन्यूनता व अतिचंचलता असे म्हणतात. दुसऱ्यामागील अवस्थेस स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हे नाव आहे. दोन्ही अवस्था मेंदूच्या वाढीशी व घडणीशी संबंधित आहेत. त्या संसर्गजन्य नाहीत, तसेच त्या म्हणजे बुद्धिमांद्यही नव्हे. मात्र काही मुलांत बौद्धिक अक्षमता त्यांच्या जोडीने आढळते, तर काहींची बुद्धी सर्वसामान्य किंवा तीक्ष्णही असते. एकाच बालकात या दोन्ही अवस्था असू शकतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पूर्वी ही दोन निदाने एकत्र करण्यास मुभा नव्हती. 2013 च्या आवृत्तीपासून ती मिळाली.

अशी मुले विरळा असतात, हा समजही निराधार आहे. पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा व हैदराबाद या पाच ठिकाणी 2 ते 9 वर्षे वयाच्या 3,964 मुलांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. दृष्टी, श्रवण, वाचा, अपस्मार, स्वमग्नता इत्यादी मेंदूच्या विकासाशी निगडित अशा अडचणींपैकी एखादी तरी अडचण दर आठ मुलांमागे सुमारे एका मुलात तीत आढळली. एकट्या स्वमग्नतेचे प्रमाण शंभरांत सुमारे एक इतके होते. म्हणजे चांगल्या पटसंख्येच्या शाळेत असे एखादे मूल असणे हे नवल नव्हे. ते नजरेस न येणे हेच अधिक संभवनीय.

दोष कोणाचा?

या विषयाच्या संशोधनाचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. मुलाचे वागणे उमगले नाही, की त्याचा दोष कोणावर तरी ठेवण्याची प्रवृत्ती सुशिक्षितांतही बलवत्तर असते. आणि पुरावा गोळा होऊ लागला, की तो आरोप टिकत नाही.

1902 साली लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत जॉर्ज स्टिल या बालवैद्याने काही अत्यंत उतावळ्या व अनावर मुलांचे वर्णन केले. त्यांची बुद्धी शाबूत होती, हे त्याने अचूक टिपले. परंतु त्यांच्या स्थितीस त्याने नाव दिले ते नैतिक नियंत्रणातील न्यूनतेचे. अर्थात आरोपाचा रोख मुलाच्या शीलाकडे वळला. पुढे 2007 साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी अतिचंचल अशी 223 मुले व तितकीच इतर मुले यांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. मेंदूचे बाह्य आवरण आपली कमाल जाडी इतर मुलांत साधारणतः साडेसातव्या वर्षी गाठते, तर अतिचंचल मुलांत सुमारे साडेदहाव्या वर्षी, असे त्यांना आढळले. आणि हा विलंब अवधान व संयम यांच्याशी संबंधित भागांत विशेष होता. हे आकडे समूहाचे आहेत, एकेका मुलाचे भाकीत त्यांवरून करता येत नाही. तथापि, ज्या संयमाची आपण दुसरीतील मुलाकडून अपेक्षा धरतो, त्यासाठी लागणारी मेंदूची तयारीच काही मुलांत उशिरा होते, एवढा बोध त्यातून निश्चित होतो. छडीने ती तयारी लवकर होत नाही.

स्वमग्नतेच्या बाबतीत आरोप मातेवर झाला. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर या बालमानसोपचार-तज्ज्ञाने 1943 साली आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा बालकांचे तपशीलवार वर्णन करून या अवस्थेस वैद्यकात स्थान मिळवून दिले. तत्पूर्वी 1925 साली ग्रुन्या सुखारेवा या रशियन विदुषीने अशाच मुलांविषयी लिहिले होते. परंतु तिच्या लेखनाकडे दीर्घकाळ कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. कॅनरने आपल्या मूळ लेखात ही अवस्था जन्मजात असावी असे म्हटले. मात्र पुढील लेखनात आईबापांच्या भावशून्यतेवर त्याने भर दिला. ब्रुनो बेटेलहाइम याने 1967 साली हेच मत ग्रंथरूपाने लोकप्रिय केले. आधीच व्यथित असलेल्या असंख्य मातांना त्यामुळे स्वतःच्याच मुलाची अपराधी ठरविले गेले.

या मतास पुराव्यानिशी छेद देणाऱ्यांत बर्नार्ड रिमलँड हा मानसशास्त्रज्ञ अग्रणी होता. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, व 1964 सालच्या आपल्या पुस्तकात त्याने ही अवस्था शारीरिक कारणांनी उद्भवते असे प्रतिपादन केले. नंतर 1977 साली सुसान फोलस्टाइन व मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या 21 जोड्यांचा अभ्यास केला. तंतोतंत सारख्या अशा 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. भिन्न जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. संगोपनाचा दोष असता तर हा भेद पडला नसता. आनुवंशिकतेचा वाटा दोन्ही अवस्थांत मोठा असतो, हे त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी दृढ केले.

तिसरा आरोप लसीवर आला. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याचे सुचविणारा, अवघ्या 12 मुलांवर आधारलेला लेख 1998 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. 2010 साली नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याचा प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफिल्ड याचे नाव ब्रिटनच्या वैद्यक-नोंदवहीतून वगळण्यात आले. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या 2019 सालच्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. महाराष्ट्रात 2018 च्या नोव्हेंबरात सुरू झालेली गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळांतूनच राबविली गेली. गावात या विषयी शंका निघाली, तर तिचे निरसन करण्यास ही माहिती शिक्षकाच्या उपयोगी पडावी.

निरीक्षण कसे करावे

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु मुलास समवयस्कांच्या मेळाव्यात रोज पाहणारा शिक्षकासारखा दुसरा कोणी नसतो. म्हणून त्याच्या नोंदीस वैद्यही महत्त्व देतो. अतिचंचलतेच्या निदानास लक्षणे निदान सहा महिने टिकलेली, वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसू लागलेली व घर आणि शाळा यांसारख्या दोन ठिकाणी आढळणारी असावी लागतात. तेव्हा ‘फार खोड्या करतो’ असा शेरा न देता कोणत्या तासाला, काय घडल्यावर, किती वेळ व आठवड्यातून कितीदा, हे दिनांकासह लिहून ठेवावे.

नोंद करण्यापूर्वी इतर कारणांचा विचार अवश्य करावा. ऐकू कमी येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. फळा न दिसणारे मूलही चुळबुळ करते. उपाशीपोटी आलेले, झोप न झालेले, पांडुरोगाने थकलेले मूलही अवधान देऊ शकत नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर स्थलांतर करून परतलेले मूल, किंवा घरी भिली, कोरकू वा गोरमाटी बोलणारे मूल वर्गात अबोल राहिले, तर तो विकार नव्हे. याउलट, काही मुली मुळीच दंगा करीत नाहीत, पण त्यांचे चित्त तासभर अन्यत्र असते. त्या शांत आहेत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्यांची नोंदही व्हावी.

वर्गात काय करता येईल

खर्चाची साधने यासाठी लागत नाहीत. अतिचंचल मुलास दारा-खिडकीपासून दूर व शिक्षकाच्या जवळ बसवावे. दहा गणिते एकदम न देता दोन-दोन द्यावीत व ती तपासून पुढची द्यावीत. वह्या वाटणे, फळा पुसणे, पाणी आणणे अशी कामे सोपवून त्यास हालचालीची न्याय्य संधी द्यावी. चांगले वर्तन दिसताच, त्याच क्षणी, ते बोलून दाखवावे.

स्वमग्न मुलासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी काढून भिंतीवर लावावा आणि त्यात बदल व्हावयाचा असल्यास आधी सांगावे. सूचना थोड्या व सरळ शब्दांत द्यावी, उत्तरासाठी थांबावे. वाक्प्रचार व थट्टा त्यास शब्दशः खरी वाटू शकते. गलबला असह्य होत असल्यास परिपाठाच्या वेळी त्यास कडेला उभे करावे, आणि समजूतदार असा एक सोबती नेमून द्यावा. नजरेला नजर देण्याची सक्ती करू नये.

पालकांस बोलावून ‘तुमच्या मुलास अमुक विकार आहे’ असे सांगू नये. आपण काय पाहिले ते सांगावे, घरी काय दिसते ते विचारावे, व मूल कोणाच्याही चुकीने असे झालेले नाही हे आवर्जून सांगावे. त्यानंतर केंद्रप्रमुखांमार्फत गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांस कळवावे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा नोंदवही त्यांच्यापुढे ठेवावी. या दोन्ही अवस्था त्यांच्या तपासणीच्या सूचीत आहेत. पुढील तपासणीसाठी पथक मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. औषध द्यावे की नाही, हा निर्णय सर्वस्वी वैद्याचा व पालकांचा.

कायद्याचे पाठबळही ध्यानात असावे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे. अतिचंचलतेचा तीत स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणून प्रमाणपत्राच्या आधाराशिवाय शिकणाऱ्या या मुलांचा भार वर्गशिक्षकाच्या समंजसपणावरच अधिक पडतो.

मेंदूची घडण बदलणे शिक्षकाच्या हाती नाही. त्या घडणीचे मूल शाळेत टिकते की तिसरी-चौथीतच कंटाळून गळते, हे मात्र बव्हंशी त्याच्या हाती आहे. चालू सत्रातच प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या पटावरील अशा एका तरी मुलाची नोंद आरंभावी, आणि तीत ‘व्रात्य’ व ‘मंद’ हे दोन शब्द लिहू नयेत.