ओढीच्या पाण्यात तळाचा मासा

खारबावच्या या सभेत खाडीवर बोलायचं म्हणजे तसं धाडसच. समोर बसलेल्यांतल्या अनेकांनी चालायच्या आधी होडीत बसायला शिकलेलं असतं. पण अलीकडे प्लॅस्टिकच्या कयाक घेऊन हौशी मंडळी गळाच्या मासेमारीला उतरतात. आधी खाडीत, मग वसईच्या मुखाबाहेर. त्यांचा एकच प्रश्न असतो: मासा तळाला आहे हे कळतं, पण ओढ गळ तळाला टेकूच देत नाही, मग करायचं काय? आज आपण तेवढंच पाहू.

आधी मासा तिथे का बसतो ते बघा. वाहतं पाणी तळाशी घासतं, म्हणून वरच्यापेक्षा खाली वेग कमी असतो. त्यात खडक किंवा पुलाचा खांब असला की त्याच्या आडोशाला पाणी जवळपास थांबतं. जिताडा, तांब, बाहेरच्या खडपातला हेकरू यांना हेच हवं असतं. ताकद न घालवता, तोंड ओढीकडे करून उभं राहायचं आणि वाहत येणारी कोळंबी टिपायची. म्हणून आमिष वरच्या अंगाने, ओढीबरोबर त्याच्यासमोर यायला हवं.

आता दोरी. ओढीचा वेग दुप्पट झाला की दोरीवरचा जोर दुप्पट नव्हे, साधारण चौपट होतो. म्हणून शिसं वाढवत जाणं हा हरणारा खेळ आहे. त्याऐवजी दोरी बारीक घ्या. जाडी निम्मी केली की जोरही साधारण निम्मा. ब्रेडेड दोरी इथे कामाला येते. तेवढ्याच ताकदीची नायलॉन दोरी बरीच जाड असते.

दुसरा उपाय म्हणजे ओढीशी भांडूच नका. कयाक पाण्याबरोबर वाहू द्या. दोरी आणि कयाक एकाच वेगाने गेली तर थोड्या शिशातही गळ सरळ खाली उतरतो. वारा कयाकला वेगळीकडे ढकलतो तेव्हा दोरी तिरपी होते; मग वल्ह्याचे एक-दोन हात मारून ती पुन्हा उभी करायची. दोरी उभी आहे ना, एवढं बघत राहिलात तरी पुरे.

तिसरा उपाय, वेळ निवडणं. आपल्याकडचा जुना हिशेब सर्वांना ठाऊक आहे: तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. मुखापासून जितकं आत यावं तितकी भरती उशिरा पोचते, ते धरून चाला. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मं पाणी चढतं, ओहोटीतही तसंच. म्हणजे खरी ओढ मधे, आणि पाणी फिरायच्या आसपास ती मंदावते. पुनव-अवसेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या भांगाला हा मंद काळ लांबतो. नवशिक्याने भांगाचे दिवस धरावेत.

आता मुद्द्याची गोष्ट, जिवाची. मासेमारीची रुंद कयाक चांगला माणूस ताशी ५-६ किलोमीटरने वल्हवतो. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या अरुंद जागी ओढ तेवढी होऊ शकते. म्हणजे तुम्ही वल्हवताय आणि काठ जागच्या जागी! म्हणून ओहोटीच्या शेवटी निघा आणि भरतीबरोबर परत या. दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो. तो उतरत्या पाण्यावर समोरून आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तेव्हा मुखाजवळ थांबू नका.

नांगर टाकायचाच असेल तर दोर पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा, मधे बाजूला कधीच नाही. बाजूने बांधलेली कयाक ओढीला आडवी होते, एक कड खाली दबते आणि काही क्षणांत उलटते. दोर एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारा आणि सुरी हाताशी असू द्या. लाइफ जॅकेट अंगावर हवं, सीटखाली नाही.

कोणी विचारतं, १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना आहे, मग आम्ही पावसाळ्यात का जाऊ नये? कायदा वल्ह्याच्या होडीला अडवत नसला तरी तेव्हाचा समुद्र अडवतो. आणि तो अंड्यांचा हंगामही आहे.

शेवटी जिताड्याबद्दल. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी आपण ज्याला उचलतो तो मोठा जिताडा बहुधा अंडी देणारी मादी असते. मधल्या मापाचा घरी न्या, मोठी परत सोडा. खाडीतून रेती उपसून तळ आधीच खरवडला गेला आहे. आडोसे उरले आहेत तिथे तरी ती राहू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.