तपासणाऱ्या हाताचें भय

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळींच ओळखतां यावा म्हणून तेथील पेशींचा नमुना घेऊन पाहण्याची पद्धति डॉ. जॉर्ज पॅपनिकोलाउ व डॉ. हर्बर्ट ट्राउट यांनीं १९४१ सालीं अमेरिकेंत मांडली. या तपासणीपासून स्त्रीला होणारा लाभ पुष्कळ वेळां सांगितला जातो. परंतु नमुना घेणाऱ्या डॉक्टरला वा परिचारिकेला त्यापासून एखादा रोग जडेल काय, हा प्रश्न बहुधा दबल्या आवाजांतच विचारला जातो. दबलेली भीति वाढत जाते, आणि तिचें फळ रुग्णाला भोगावें लागतें.

ज्या विषाणूमुळें हा कर्करोग होतो त्याला ह्यूमन पॅपिलोमा विषाणु म्हणतात. त्याच्या सोळाव्या प्रकाराचा शोध जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनीं १९८३ सालीं जाहीर केला. २००८ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु रक्तावाटें पसरत नाहीं. त्वचेचा त्वचेशीं निकट स्पर्श व्हावा लागतो, आणि सूक्ष्म ओरखडा असेल तर तो तिच्या तळच्या थरापर्यंत पोंचतो. मोजे घातलेल्या, धड कातडीच्या हाताला त्याचें भय फार थोडें. मात्र तो चिवट आहे. त्याला चरबीचें आवरण नसल्यामुळें मद्यार्कानें तो सहजासहजीं नष्ट होत नाहीं. म्हणून मोजे उतरल्यावर हात साबणानें व वाहत्या पाण्यानें चोळून धुणेंच श्रेयस्कर.

नमुना घेणें निराळें आणि रोगट भाग जाळणें निराळें. नॉर्वेंतील एका शस्त्रवैद्याच्या स्वरयंत्रावर चामखिळीसारख्या गांठी आढळल्याचें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानें रुग्णांच्या गुह्यभागावरील चामखिळी लेसरनें जाळल्या होत्या. त्या धुरांतूनच बाधा झाली असावी, असा तर्क आहे. साध्या तपासणींत असा धूर निघतच नाहीं.

खरी सावधगिरी हवी ती रक्ताविषयीं. ब्रशानें पेशी खरवडतांना रक्ताचे चार थेंब येऊं शकतात, व त्यांत हिपॅटायटिस-बी, हिपॅटायटिस-सी किंवा एच.आय.व्ही. यांचे विषाणु असणें संभवनीय आहे. एच.आय.व्ही.बाधित रक्ताची सुई टोंचली असतां हजारांत सुमारें ३ जणांस बाधा होते. हिपॅटायटिस-बीची लस न घेतलेल्यास त्या रोगाच्या बाबतींत हेंच प्रमाण शंभरांत ६ ते ३० पर्यंत जातें. परंतु या तपासणींत सुई नसते. ब्रश आणि चपटी पट्टी, दोन्ही बोथट. धोका उरतो तो फुटलेल्या कांचपट्टीच्या धारेचा, आणि बाटलींतील द्रवांत ब्रश घाईनें घुसळतांना डोळ्यांत उडणाऱ्या शिंतोड्यांचा. हिपॅटायटिस-बीची लस न टोंचतां या कामावर कोणी उभें राहूं नये.

रबरी हातमोज्यांची कथा येथें आठवते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनीं १८८९-९० च्या सुमारास ते करवून घेतले, ते जंतुनाशक औषधानें एका परिचारिकेचे हात सोलवटत होते म्हणून. रुग्णाचें रक्षण त्यांतून मागाहून साधलें.

कोणाचा रोग कपाळावर लिहिलेला नसतो. म्हणून प्रत्येकच रुग्णाचें रक्त संसर्गजन्य समजावें, अशी सूचना अमेरिकेंतील रोगनियंत्रण केंद्रांनीं १९८७ सालीं दिली. तरीहि एच.आय.व्ही. असल्याचें कळलेल्या स्त्रीला टाळण्याकडे मन वळतें. वास्तविक तिला हा कर्करोग होण्याचा संभव इतर स्त्रियांच्या सहापट असतो. त्यामुळें जागतिक आरोग्य संघटना तिची तपासणी तिसाव्याऐवजीं पंचविसाव्या वर्षापासून करावयास सांगते. अशा स्त्रीला परत पाठविणें म्हणजे भित्रेपणाला शास्त्राचें नांव देणें होय. भारतांत २०१७ च्या कायद्यानें तें निषिद्धहि आहे.

इतकें करूनहि रक्त डोळ्यांत उडालें, तर डोळा स्वच्छ पाण्यानें पुष्कळ वेळ धुवावा. कांच लागली तर जखम न पिळतां साबणपाण्यानें धुवून लगेच वरिष्ठांस कळवावें. एच.आय.व्ही.ची प्रतिबंधक औषधें शक्य तों कांहीं तासांतच, आणि ७२ तास उलटण्यापूर्वीं, सुरू करावीं लागतात. तीं २८ दिवस घ्यावयाचीं असतात.